गाडी दर वेळी वेगळ्या जागी का थांबते?

प्रश्न : घराच्या माळ्यावर एचओ मापाची मॉडेल रेल्वे मांडली आहे. डीसीसी पद्धत (रुळातूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम), लॅपटॉपवर गाड्या चालवणारं जेएमआरआय सॉफ्टवेअर. फलाट १६० सेंमी, गाडीला इंजिन आणि चार डबे. फलाटाच्या पुढच्या टोकाशी सेन्सर आहे. गाडी तिथे पोचली की सॉफ्टवेअर तिला थांबवतं. पण कधी ती फलाटातच थांबते, कधी इंजिन सिग्नल ओलांडून पुढे जातं. महागडा सेन्सर घ्यावा का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सेन्सरवर पैसे घालू नका. तुमचा सेन्सर त्याचं काम चोख करतो आहे. गाडी कुठे आली एवढंच तो सांगतो, ती किती वेगात आली हे त्याला ठाऊक नसतं. गडबड तिथे आहे.

हिशेब करून बघा. एचओ म्हणजे १:८७, खऱ्या गाडीचा ८७वा भाग. खऱ्या गाडीचा ताशी ८० किमी वेग तुमच्या रुळावर सेकंदाला साधारण २५ सेंमी होतो. सेन्सरची खबर लॅपटॉपला मिळून हुकूम इंजिनापर्यंत पोचायला अर्धा सेकंद लागला, तर तेवढ्यात गाडी १२-१३ सेंमी पुढे जाते, म्हणजे अर्धा डबा. शिवाय हा उशीर दर वेळी सारखा नसतो. एकाच वेळी तीन गाड्या धावत असतील तर वाढतो. तीच गाडी ताशी ५ किमीने रांगत आली, तर अर्ध्या सेकंदात जेमतेम ८ मिमी सरकेल. म्हणून वेग फलाटात शिरतानाच उतरवायचा आणि टोकाच्या सेन्सरपाशी गाडी रांगतच आणायची.

त्याआधी डीकोडरमधला, म्हणजे इंजिनातल्या हुकूम वाचणाऱ्या चिपमधला, सीव्ही ४ तपासा. सीव्ही म्हणजे चिपमध्ये साठवलेला सेटिंगचा आकडा. वेग किती सावकाश उतरावा, हे सीव्ही ४ ठरवतो. तो मोठा असला, तर सॉफ्टवेअरने ‘थांब’ म्हटल्यावरही डीकोडर आपल्याच चालीने इंजिन थांबवत राहतो. एनएमआरए या मॉडेल रेल्वेची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या सूत्राप्रमाणे सीव्ही ४ मध्ये ३० असेल, तर पूर्ण वेगातून थांबायला सुमारे २७ सेकंद लागतात! माझ्या एका डिझेल इंजिनात नेमका ३० होता. मी फलाटाखालच्या तारा उलगडल्या, सेन्सर बदलले, काही फरक पडला नाही. आकडा २ केला आणि त्याच संध्याकाळी गाडी फलाटाला नीट लागली. ब्रेक सॉफ्टवेअर लावणार असेल, तर डीकोडरने मध्ये पडू नये. वेग घेण्याचा सीव्ही ३ सुद्धा असाच कमी ठेवा.

मग प्रत्येक इंजिनाचं स्पीड प्रोफाइल तयार करा. वेगाच्या कोणत्या पायरीला ते सेकंदाला किती अंतर कापतं, हे मोजून जेएमआरआयच्या रोस्टरमध्ये, म्हणजे इंजिनांच्या यादीत, साठवता येतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथे घाई करू नका. आधी इंजिन दहा-पंधरा मिनिटं फिरवून गरम होऊ द्या, कारण थंड मोटर वेगळी चालते. पुढे आणि मागे, दोन्ही दिशांना मोजा. मोजण्याआधी चाकं आणि रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. माळ्यावरच्या धुळीने चाकाची वीज क्षणभर जरी तुटली, तरी मोजणी वाया जाते.

तुमचा सेन्सर विजेचा प्रवाह ओळखणारा असेल, तर आणखी एक गोष्ट. इंजिन मागून ढकलत असेल तेव्हा पुढचा साधा डबा वीज घेत नसल्याने सेन्सरला दिसतच नाही. त्या डब्याच्या एका आसावर १० किलोओहमचा रेझिस्टर लावा, म्हणजे तो थोडी वीज घेईल.

छोटी गाडी मात्र टोकाला नको, फलाटाच्या मधोमध उभी राहिली तर शोभते. मुंबईच्या लोकलचे फलाट आठवा. १२ डब्यांची गाडी कुठे थांबवायची आणि १५ डब्यांची कुठे, याच्या वेगळ्या खुणा मोटरमनसाठी असतात. तुमच्या सॉफ्टवेअरलाही गाडीची लांबी कळायला हवी. इंजिन अधिक चार डबे मिळून १२० सेंमी भरत असतील, तर १६० सेंमीच्या फलाटात पुढे-मागे २०-२० सेंमी सुटतात.

सगळी इंजिनं एकदम हाती घेऊ नका. एकच निवडा, दहा वेळा फलाटाला लावा आणि दर वेळी सिग्नलपासूनचं अंतर वहीत लिहा. दहाही वेळचा फरक २ सेंमीच्या आत आला, की दुसरं इंजिन घ्या.