प्रकाशोत्प्रेरक: विग्रह कसा करायचा?

एका वाचकाने विचारलं आहे: ‘सूर्यप्रकाश उत्प्रेरकाचं काम करून पाण्यातून हायड्रोजन वेगळा करतो’ असं वाक्य बातमीत वाचलं आणि खटकलं. ‘प्रकाश उत्प्रेरक’ या शब्दाचा विग्रह काय, आणि तो जोडून लिहावा की तोडून?

खटकलं ते बरोबरच. बातमीत ‘प्रकाश हाच उत्प्रेरक’ असा कर्मधारय धरला गेला आहे. हा समास मध्यमपदलोपी आहे: प्रकाशाच्या साहाय्याने काम करणारा उत्प्रेरक. पुरणपोळी म्हणजे पुरण घालून केलेली पोळी, तीच ही घडण. शाळेपासून ओळखीचा ‘प्रकाशसंश्लेषण’ही याच जातीचा.

उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो आणि स्वतः शिल्लक राहतो. प्रकाश शिल्लक राहत नाही, तो शोषला जातो. १८ ग्रॅम पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजन करायला किमान २३७ किलोज्यूल ऊर्जा घालावी लागते, ती प्रकाशाकडून येते. उत्प्रेरक म्हणजे तो प्रकाश शोषणारा घन पदार्थ. फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांच्या १९७२च्या प्रसिद्ध शोधनिबंधात तो टायटॅनियम डायऑक्साइड होता. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच. त्याच्यावर अतिनील किरण पडले की आतला इलेक्ट्रॉन जागचा उठतो. मागे उरलेली रिकामी जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढते, तिथे ऑक्सिजनचे बुडबुडे येतात. उठलेला इलेक्ट्रॉन तारेतून प्लॅटिनमवर जातो आणि तिथे हायड्रोजन सुटतो.

काही काटेकोर रसायनशास्त्रज्ञ इथे ‘उत्प्रेरक’ म्हणायलाच हरकत घेतात. आपणहून न घडणारी अभिक्रिया कोणताही उत्प्रेरक एकट्याने घडवू शकत नाही, हा त्यांचा मुद्दा रास्त आहे. पण शब्द रुळला आहे, आणि विग्रहात ‘प्रकाशाच्या साहाय्याने’ हे लोपलेलं पद परत आणलं की ती हरकत बरीचशी मिटते.

आता लेखन. प्रकाश + उत्प्रेरक = प्रकाशोत्प्रेरक, सूर्योदयासारखी सरळ गुणसंधी. मी जोडूनच लिहितो. वाचायला जड वाटत असेल तर मध्ये संयोगचिन्ह द्यावं, पण नुसतं तोडू नये. तोडल्यामुळेच वरच्यासारखं वाक्य जन्माला येतं.

याच्या आधी हल्ली ‘नॅनोसंरचित’ हे विशेषण लागतं. ते शोभेचं नाही. उठलेला इलेक्ट्रॉन आणि ती रिकामी जागा बहुतेक वेळा पृष्ठभाग गाठण्याआधीच पुन्हा एकत्र येतात आणि मिळालेली ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. कण, नळ्या किंवा पापुद्रे काही नॅनोमीटरचे केले तर पृष्ठभागापर्यंतचं अंतर कमी होतं. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, म्हणून ‘अब्जांश’ हा मराठी पर्याय अगदी नेमका आहे. तरी सर्वसामान्य वाचकासाठी ‘नॅनोरचनेचा प्रकाशोत्प्रेरक’ मला अधिक सुटसुटीत वाटतो.

त्याच बातमीत पुढे ‘पाण्याचं विभाजन’ असंही आहे. ते वाचून धरणाच्या पाणीवाटपाची आठवण येते. पाठ्यपुस्तकात ‘अपघटन’ हा शब्द आहे आणि विजेने केलेल्या क्रियेला आपण ‘विद्युत अपघटन’ म्हणतोच, तेव्हा इथेही ‘पाण्याचं अपघटन’ लिहावं.