घरात पैसाच नाही, मग नुसतं बोलून काय होणार?

गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नैराश्य आलेल्या बायकांशी आमची प्रशिक्षित 'सखी' घरी जाऊन बोलते. वस्तीत हे काम करताना हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. गेल्या पावसाळ्यात तो एका नणंदेने विचारला. "मॅडम, भाऊ रोज नाक्यावर उभा राहतो, पण काम कधीतरीच मिळतं. भाडं थकलंय. वहिनीला टेन्शन त्याचंच आहे. तुमची सखी येऊन बोलणार, त्यानं भाडं भरलं जाईल का?"

भाडं भरलं जाणार नव्हतं, आणि तसं मी तिला सांगितलं.

वहिनीला दुसरी मुलगी झाली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आशाताई ४२व्या दिवसाच्या गृहभेटीला गेल्या तेव्हा बाळाचं वजन चांगलं भरलं. आई मात्र भिंतीकडे तोंड करून पाजत होती, केसांना कित्येक दिवस फणी लागली नव्हती. "डोकं जड होतं, छातीत धडधडतं. बाळ रडायला लागलं की कुठंतरी निघून जावंसं वाटतं." सासूबाईंच्या मते हा आळस होता.

नणंदेचं निदान मात्र चुकीचं नव्हतं. गोव्यातल्या आयांवरचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात बाळ सहा ते आठ आठवड्यांचं असताना २३ टक्के आया नैराश्यात आढळल्या. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव आणि त्यात मुलगी झालेली, ही कारणं त्यात ठळक दिसतात. पण नैराश्य आलं की परिस्थितीशी झगडायचं बळच जातं. या घरात प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा अर्ज पत्र्याच्या पेटीत तसाच पडून होता. या योजनेत दुसरं अपत्य मुलगी असेल तर आईला ६००० रुपये मिळतात. हे तिला माहीत होतं, पण अंगणवाडीपर्यंत जायला पाय उचलत नव्हते.

आमची सखी त्याच गल्लीतली, दोन लेकरांची आई. आम्ही तिला प्रशिक्षण दिलंय आणि दर आठवड्याला तिच्याशी बसून प्रत्येक घराचा आढावा घेतो. पहिल्या भेटीत तिने सल्ला दिलाच नाही. बाळाला मांडीवर घेतलं आणि ऐकत राहिली. पुढच्या भेटीत दोघींनी मिळून एकच गोष्ट ठरवली: रोज एकदा निवांत आंघोळ. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही काय बाळंतपणं केली नाहीत?" सखीने वाद घातला नाही. "आजी, तुमच्या हातची मालीश बाळाला मानवते. तेवढ्या वेळात तिला अंगावर पाणी घेऊ द्या." आजी तयार झाल्या. घरातल्यांना असं सोबत घेण्याची हातोटी मला पुस्तकांतून मिळाली नाही, या बायकांकडून मिळाली.

मग वहिनी अंगणवाडीत जमणाऱ्या आयांच्या गटात येऊ लागली. अर्जही तिथेच, दोघीतिघींच्या मदतीने भरला गेला. भाड्याचा प्रश्न आजही आहे, पण आता ती त्याबद्दल नवऱ्याशी बोलते.

हे एका घरापुरतं नाही. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात गावातल्या आरोग्यसेविकांनी घरोघरी जाऊन असंच काम केलं. गरोदरपणातच नैराश्यात असलेल्या बायकांपर्यंत त्या पोहोचल्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत या भेटी मिळालेल्यांपैकी २३ टक्के आया नैराश्यात होत्या. ज्यांच्याकडे नेहमीच्याच भेटी झाल्या, त्यांच्यात हेच प्रमाण ५३ टक्के होतं. यात औषध नव्हतं. दवाखान्याच्या रांगेत रोजंदारी बुडवणंही नव्हतं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. म्हणूनच आम्ही बाळंतपणाची वाट पाहत नाही. सातव्या महिन्यातच बायकांना गटात बोलावतो.

सगळं सखीवर सोडता येत नाही, हेही नणंदेला सांगितलं. जीव द्यावासा वाटणं, बाळाला इजा करण्याचे विचार येणं, नसलेले आवाज ऐकू येणं किंवा बाळंतपणानंतर अचानक भ्रमिष्टासारखं वागणं, यातलं काहीही दिसलं तर बाईला एकटं सोडू नका, त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्या. मारहाण होत असेल तर आधी तिची सुरक्षितता. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.