चित्र दिसतंय, मग काम का होत नाही?

प्रश्न : निवृत्तीनंतरचा उद्योग म्हणून घरचा कॉम्प्युटर रात्रभर चालू ठेवतो आणि आइनस्टाइन ॲट होम या खगोलशास्त्राच्या प्रकल्पाला गणितं सोडवून देतो. दोन वर्षं सुरळीत चाललं होतं. ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं, जीटीएक्स १०५० टीआय. गेल्या महिन्यात विंडोजचा मोठा अपडेट आला आणि दुसऱ्या दिवसापासून बॉइंकमध्ये (ही कामं आणून चालवणारा प्रोग्रॅम) कामांपुढे 'जीपीयू मिसिंग', म्हणजे कार्ड सापडत नाही, असं येतं. स्क्रीन तर चालू आहे. अक्षरं जरा मोठी आणि फुगल्यासारखी वाटतात, पण तो माझ्या चष्म्याचा नंबर असावा. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात मशीन नेलं, तर मुलाने दोन मिनिटांत 'कार्ड उडालंय, नवीन टाका' म्हणून सांगितलं. टाकू का?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : टाकू नका. आणि चष्म्याच्या डॉक्टरकडेही एवढ्यात जाऊ नका.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, ते फुगलेल्या अक्षरांचं. कार्डाचा खरा ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुभाषा प्रोग्रॅम, निघून गेला की विंडोज स्वतःचा एक कामचलाऊ ड्रायव्हर लावतं. स्क्रीन काळी पडू नये एवढीच त्याची जबाबदारी. रिझोल्यूशन खाली येतं आणि अक्षरं जाडी होतात. डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'डिस्प्ले अडॅप्टर्स'वर टिचकी मारा. तिथे तुमच्या कार्डाच्या नावाऐवजी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसलं, तर दुकानातल्या मुलाचं निदान तिथेच निकालात निघालं.

कार्डाला दोन कामं असतात. एक चित्र दाखवायचं, दुसरं आकडेमोड करायची. आपल्या छंदाला दुसरं लागतं, आणि त्यासाठी ड्रायव्हरसोबत कूडा आणि ओपनसीएल हे दोन भाग यावे लागतात. दुकानाची पाटी उजळलेली असली तरी गल्ल्यावर माणूस बसलेला असेलच असं नाही, तसंच हे.

माणूस गल्ल्यावर आहे का, ते बॉइंक स्वतःच सांगतं, पण विचारत कुणी नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि ई एकत्र दाबा, इव्हेंट लॉग उघडेल. अगदी वर जा, सुरुवातीच्या वीस-तीस ओळींत. सगळं ठीक असेल तर 'कूडा' या शब्दाने सुरू होणारी एक ओळ असते आणि 'ओपनसीएल'ने सुरू होणारी दुसरी. दोन्हींत कार्डाचं नाव आणि ड्रायव्हरचा क्रमांक. तुमच्याकडे बहुधा 'नो युजेबल जीपीयूज फाउंड' असेल. फक्त कूडाची ओळ असेल आणि ओपनसीएलची नसेल, तर ड्रायव्हर अर्धवट बसलाय. मला येणाऱ्या दहातल्या सात तक्रारी या दोन ओळींपाशीच सुटतात. उरलेल्या तिघांनी लॉग उघडलेलाच नसतो.

आता दुरुस्ती. ड्रायव्हर विंडोज अपडेटवर सोडू नका, एनव्हिडियाच्या साइटवरून स्वतः उतरवून घ्या. तुमचं कार्ड पास्कल पिढीचं, २०१६ सालचं. या पिढीला चालणारी ड्रायव्हरची शेवटची शाखा ५८०. त्यापुढच्या शाखेचा ड्रायव्हर तुमच्या कार्डाला ओळखणारच नाही, म्हणून 'सगळ्यात नवीन' हा मोह टाळा. सोबत डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे सगळे ज्याला डीडीयू म्हणतात ते, हेही उतरवून ठेवा. मग इंटरनेटची वायर काढा. वाय-फाय असेल तर बंद करा. ही पायरी लोक गाळतात आणि मग डोक्याला हात लावून बसतात, कारण जुना ड्रायव्हर पुसून तुम्ही चहा टाकायला उठता तेवढ्यात विंडोज आपला ड्रायव्हर मागच्या दाराने परत आणून बसवतं. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयूने पुसा, मशीन पुन्हा सुरू करा, उतरवलेला ड्रायव्हर चढवा, आणि मगच वायर लावा.

खात्री करताना एक गंमत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हरचा क्रमांक ३२.०.१५.८०९७ असा लांबलचक दिसेल आणि तुम्ही म्हणाल, हा कुठला? टिंबं विसरा आणि शेवटचे पाच आकडे घ्या : ५८०९७. म्हणजे ५८०.९७.

शेवटी बॉइंक. ते कार्ड फक्त सुरू होताना एकदाच शोधतं. खिडकी बंद केली म्हणजे बॉइंक बंद झालं असं नाही. मेन्यूतून 'एक्झिट' करा, चालू कामंही थांबवा म्हणून सांगा, आणि मग पुन्हा उघडा. हाती असलेली कामं घाईघाईने रद्द करू नका. चुकलेली किंवा सोडून दिलेली कामं वाढली की सर्व्हर तुमचा रोजचा कोटा कमी करत नेतो, आणि मग दुरुस्त मशीन दिवसभर हात जोडून बसतं.

एवढं करूनही दोन-तीन तासांनी स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येत असेल, तर प्रकरण वेगळं. व्हिस्टापासून विंडोजने एक नियम ठेवलाय : कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर ड्रायव्हर अडकला असं समजून त्याला झटका देऊन उठवायचं. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम विभागात ४१०१ क्रमांकाची नोंद पडते, 'डिस्प्ले ड्रायव्हर स्टॉप्ड रिस्पॉन्डिंग'. वाचणारा साहजिकच ड्रायव्हरला शिव्या घालतो.

मीही घातल्या. मी पार्ल्याच्या एका कॉलेजात लॅब सांभाळायचे. घरचं मशीन मात्र गॅलरीत, ग्रिलच्या आत. ऑक्टोबरच्या उकाड्यात ४१०१ सुरू झालं. तीन आठवड्यांत मी सहा वेगवेगळे ड्रायव्हर चढवले आणि उतरवले, वहीत तारखा लिहून. सातव्या वेळी वैतागून कॅबिनेट उघडलं. कार्डाच्या पंख्याच्या दोन पात्यांमध्ये कबुतराचं एक करडं पीस अडकलं होतं, छोटंसं, बोटाच्या पेराएवढं. पंखा फिरायचा, थबकायचा, पुन्हा फिरायचा. पीस चिमट्याने काढलं, ब्लोअर मारला, कार्डाची सोनेरी पट्टी शाळेतल्या खोडरबरने घासून पुसली आणि कार्ड परत बसवलं. ४१०१ गेलं ते गेलंच. तेव्हा ड्रायव्हर नीट बसूनही ही नोंद दिसली, तर आधी पंखा, मग एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), मग कारखान्यातूनच वाढवून आलेला कार्डाचा वेग, या क्रमाने बघा. ड्रायव्हर सगळ्यात शेवटी.

प्रश्न : मी ऑफिसातून रिमोट डेस्कटॉपने घरच्या मशीनवर जाते आणि बॉइंक सुरू करते. तेव्हा कार्ड सापडत नाही. घरी येऊन सुरू केलं की सापडतं. ड्रायव्हर तीनदा बदलला.
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : ड्रायव्हरची काही चूक नाही, बिचारा तीनदा उगाच बदलला गेला. रिमोट डेस्कटॉपच्या सत्रात विंडोज स्वतःचा खोटा पडदा उभा करतं, आणि त्या सत्रात सुरू झालेल्या बॉइंकला खरं कार्ड दिसत नाही. घरून निघतानाच बॉइंक चालू ठेवा. ऑफिसातून फक्त डोकावायचं असेल तर बॉइंक मॅनेजरमध्येच दुसऱ्या मशीनला जोडायची सोय आहे, पासवर्ड ठेवून. मात्र ते दार थेट इंटरनेटवर उघडं टाकू नका, व्हीपीएनमधून या. दाराचा क्रमांक ३१४१६ आहे. बॉइंक घडवणाऱ्या बर्कले विद्यापीठाच्या मंडळींनी गणितातला पाय (३.१४१६) असा लपवलाय, मला दर वेळी हसू येतं.

बॉइंक बसवताना 'सर्व्हिस म्हणून चालवा' हा पर्याय निवडला असेल, तरीही विंडोजवर कार्ड मिळत नाही. तोही एकदा तपासा.

प्रश्न : ताई, मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उबुंटूवर जीटीएक्स १६५० आहे. ड्रायव्हर एनव्हिडियाच्या साइटवरून घेऊन टर्मिनलमधून बसवला होता. परवा कर्नल (उबुंटूचा गाभा) अपडेट झाला आणि आता कार्डाची खबर देणारी एनव्हिडिया-एसएमआय ही आज्ञा म्हणते, ड्रायव्हरशी बोलता येत नाही. मित्र म्हणतो विंडोज टाक. आणि खरं सांगा, या सगळ्यातून काही निघतं का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : मित्राला चहा पाज आणि घरी पाठव.

वरच्या काकांना मी कंपनीच्या साइटवर जा म्हटलं, तुला नेमकं उलटं सांगते. साइटवरच्या फाइलने बसवलेला ड्रायव्हर बहुतेक वेळा त्या वेळच्या कर्नलपुरता घडवलेला असतो. कर्नल बदलला की तो मागेच राहतो. पडताळून बघ : मशीन सुरू होताना ग्रबच्या यादीत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन जुना कर्नल निवड. तिथे एनव्हिडिया-एसएमआय नीट बोललं तर रोग सापडला. मग त्याच फाइलच्या अनइन्स्टॉल पर्यायाने तो ड्रायव्हर काढ, आणि उबुंटूच्या 'ॲडिशनल ड्रायव्हर्स'मधून त्यांचा ड्रायव्हर घे. तो कर्नलबरोबर आपोआप बदलत राहतो.

सिक्युअर बूट चालू असेल तर बसवताना एक पासवर्ड विचारला जाईल आणि पुढच्या वेळी मशीन सुरू होताना निळा पडदा येईल, 'परफॉर्म एमओके मॅनेजमेंट'. दहा सेकंदांत कळ दाबली नाहीस तर तो निघून जातो आणि परत येत नाही. त्यावर 'एनरोल एमओके' निवड आणि तोच पासवर्ड दे. सवयीने एंटर दाबून 'कंटिन्यू बूट' करणारे मी किती पाहिलेत, त्याची मोजदाद नाही. आमच्या लॅबमध्ये तर मी कागद चिकटवला होता, 'निळं दिसलं की हात मागे'.

एवढं करूनही बॉइंकला कार्ड दिसलं नाही, तर बॉइंक नावाचा जो वेगळा यूजर असतो त्याला 'व्हिडिओ' आणि 'रेंडर' या दोन गटांत घाल आणि मशीन पुन्हा सुरू कर. सीएलइन्फो ही ओपनसीएल तपासणारी आज्ञा चालवून बघ. प्लॅटफॉर्मची संख्या शून्य आली तर ओपनसीएलचा भाग बसायचा राहिलाय.

आता तुझा दुसरा प्रश्न. मी १९९९ साली डायल-अपवर सेटी ॲट होमपासून सुरुवात केली. परग्रहावरून काही ऐकू आलं नाही, आणि ३१ मार्च २०२० ला त्यांनी नवी कामं वाटणं थांबवलं. त्या रात्री मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण आइनस्टाइन ॲट होमने २०१० मध्ये एक नवा पल्सार, म्हणजे गरगर फिरत रेडिओलहरी फेकणारा मृत तारा, जाहीर केला. सेकंदाला सुमारे ४१ गिरक्या घेणारा, अरेसिबोच्या दुर्बिणीने टिपलेल्या नोंदींत दडलेला. ज्यांच्या मशीनवर तो सापडला ते होते अमेरिकेत आयोवातलं एक जोडपं आणि जर्मनीत माइन्झचा एक जण. दोन ठिकाणची मशीनं का? कारण एकच काम दोघांना दिलं जातं आणि उत्तरं जुळली तरच ती धरतात. म्हणून तर अर्धवट ड्रायव्हरवर घाईने काम रेटायचं नाही. तुझं उत्तर चुकलं तर पलीकडच्याला उगाच ताटकळत बसावं लागतं, तिसऱ्या कुणाला तेच काम पुन्हा करावं लागतं.

आणि वीजबिलाची आधीच कल्पना दे घरी. तुझं कार्ड जास्तीत जास्त ७५ वॉट खातं. पूर्ण मशीन १३० वॉट धरलं आणि रोज दहा तास चाललं, तर महिन्याला ३९ युनिट होतात. मे महिन्यात मी दुपारचं काम बंद ठेवते आणि रात्री अकरानंतर चालवते. गॅलरीच्या ग्रिलला आता जाळीही लावली आहे.