विंडोज ९८ ला दुभाष्या हवा

माळ्यावरचा जुना संगणक भंगारात देण्याआधी एकदा सुरू करून बघा, असं मागच्या लेखात लिहिलं होतं. बऱ्याच जणांनी तो सुरू केलाय, याचा मला मनापासून आनंद आहे. आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतो.

प्रश्न : वडिलांनी २००० साली घेतलेला पेंटियम ३ दिवाळीच्या आवराआवरीत सापडला. विंडोज ९८ नीट सुरू होते. राऊटरची केबल लावली, आयपी पत्ताही मिळाला, पण एकही साइट उघडत नाही. नेटवर्क कार्ड गेलं असेल का? (जुळे सोलापूर)

आयपी मिळाला म्हणजे कार्ड, केबल, राऊटर तिन्ही ठणठणीत आहेत. अडलंय ते भाषेपाशी. त्या काळी बहुतेक साइट्स साध्या एचटीटीपीवर चालायच्या. मजकूर उघडाच यायचा आणि उघडाच जायचा. आज जवळपास प्रत्येक साइट आधी कुलूप लावते आणि मगच बोलते. त्या कुलपाचं नाव टीएलएस. विंडोज ९८ वर चालणारा शेवटचा इंटरनेट एक्सप्लोरर सहावा, आणि त्याची मजल टीएलएस १.० पर्यंतच. १.२ आलं २००८ मध्ये, १.३ आलं २०१८ मध्ये. २०२० मध्ये मोठ्या ब्राऊझरांनी १.० आणि १.१ काढून टाकली, आणि आज बहुतेक सर्व्हरही ती स्वीकारत नाहीत. तुमचं मशीन दार ठोठावतंय, पण आतून जे विचारलं जातं ते त्याला कळत नाही.

अशा वेळी काय करायचं हे सोलापूरकराला शिकवावं लागत नाही. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. दोघांचं जुळेना की दोन्ही भाषा येणारा कुणीतरी मध्ये उभा राहतो. जुन्या संगणकालाही असाच दुभाष्या द्या. घरातल्या चालू लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ‘वेबवन’ नावाचा प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ प्रोग्रॅम, बसवा. तो बाहेरच्या साइटशी आजच्या टीएलएसमध्ये बोलतो आणि तुमच्या विंडोज ९८ ला तेच पान साध्या एचटीटीपीत देतो. एक्सप्लोररमध्ये इंटरनेट ऑप्शन्स, कनेक्शन्स, लॅन सेटिंग्ज इथे जाऊन त्या लॅपटॉपचा पत्ता आणि पोर्ट भरला की झालं.

जावास्क्रिप्टने भरलेल्या साइट्स तरीही मोडक्या दिसतील. त्यांच्यासाठी ‘डब्ल्यूआरपी’ हा दुसरा प्रॉक्सी आहे. तो पान नव्या मशीनवर उघडतो, त्याचं चित्र करून जुन्या मशीनला पाठवतो आणि तुम्ही चित्रावर जिथे क्लिक कराल ते क्लिक पुढे पोचवतो. विंडोज ९८ ला युनिकोड मराठीची जोडाक्षरं धड जुळवता येत नाहीत, पण चित्रातली मराठी जशीच्या तशी दिसते. मला स्वतःला हाच मार्ग जास्त आवडतो. नुसतं काही शोधून वाचायचं असेल तर प्रॉक्सीही नको. ‘फ्रॉगफाइंड’ ही शोधसेवा साध्या एचटीटीपीवर उघडते आणि पानातला मजकूर तेवढा काढून दाखवते.

एक लक्षात असू द्या. दुभाष्या आणि जुनं मशीन यांच्यातलं बोलणं उघडं असतं. तिथे पासवर्ड टाकू नका.

प्रश्न : विंडोज एक्सपीवर प्रत्येक साइटला सर्टिफिकेटची चूक दाखवते. तारीख नीट केली की दिवसभर चालतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. (होटगी रोड)

मदरबोर्डवरचा सेल संपलाय. साइट आपली ओळख पटवायला जे सर्टिफिकेट दाखवते त्यावर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. मशीन स्वतःला २००२ सालात समजत असेल तर आजचं प्रत्येक सर्टिफिकेट त्याच्या दृष्टीने अजून जन्मलेलंच नाही. मेन स्विच बंद करा, वायर काढा, झाकण उघडा. नाण्याएवढा चपटा सेल दिसेल, त्यावर सीआर २०३२ छापलेलं असतं. बाजूची पत्र्याची पट्टी नखाने जरा मागे सारली की सेल आपोआप वर उचलला जातो. नवा बसवताना अधिक चिन्ह वर ठेवा.

झाकण उघडलंच आहे तर प्रोसेसरजवळच्या उभ्या कपॅसिटरांवर टॉर्च मारून बघा. माथा सपाट हवा. फुगलेला असेल किंवा वर तपकिरी खरपुडी असेल तर तो बदलून घ्या. साधारण १९९९ ते २००७ या काळातल्या अनेक बोर्डांना हा रोग आहे. ४८६ किंवा त्याआधीचं मशीन असेल तर नाण्याऐवजी निळ्या पिंपासारखी बॅटरी असते. ती गळते आणि तिचं पाणी बोर्डाच्या रेषा खाऊन टाकतं. दिसली की आजच कापून काढा. हिरवट थर असेल तो पांढऱ्या व्हिनेगरने पुसा आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करा.

प्रश्न : एक्सपीवर फायरफॉक्स ५२ चालतो म्हणे. मग त्यावर बँकेचं काम करू का? (सात रस्ता)

चालतो, कारण तो टीएलएससाठी विंडोजवर अवलंबून नसतो, स्वतःची सामग्री सोबत आणतो. बातम्या वाचा, विकिपीडिया वाचा. बँकेचं काम मात्र त्यावर अजिबात करू नका; त्या आवृत्तीच्या दुरुस्त्या २०१८ मध्येच थांबल्या.

मराठीच्या जागी चौकोन दिसत असतील तर कंट्रोल पॅनेलमधल्या रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये लँग्वेजेस या भागात कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करा. एक्सपीची सीडी जवळ ठेवा, ती मागेल.

प्रश्न : आमचा चादरीचा कारखाना आहे. जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या, डिझाइनचं सॉफ्टवेअर फक्त एक्सपीवर चालतं, त्याचं लॉक (ज्याच्याशिवाय ते सुरूच होत नाही तो छोटा डबा) प्रिंटरच्या पोर्टला लागतं. व्यापारी नवी डिझाइनं मोबाइलवर पाठवतात. तोच संगणक नेटला जोडला तर काम सोपं होईल. चांगला अँटिव्हायरस टाकू. (अक्कलकोट रोड एमआयडीसी)

कृपा करून जोडू नका. ऑगस्ट २००३ मध्ये नवी पेठेतल्या एका दुकानात मी एका मशीनवर कोरी एक्सपी टाकली आणि अपडेट घ्यायला नेट जोडलं. अपडेटचं पान उघडायच्या आतच पडद्यावर चौकट आली आणि साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू झाली. तो ब्लास्टर होता, नेटवरून आपोआप पसरणारा व्हायरस. कुणी काही डाउनलोड केलं नव्हतं, कशावर क्लिक केलं नव्हतं. आणि तेव्हा एक्सपी जिवंत होती. ज्या भोकातून तो शिरला त्याची दुरुस्ती महिनाभर आधीच आलेली होती. एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ ला संपली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा व्हायरस आला तेव्हा मायक्रोसॉफ्टने नियम बाजूला ठेवून एक्सपीला दुरुस्ती दिली, पण प्रत्येक वेळी असं होणार नाही.

अँटिव्हायरस आलेला चोर ओळखायचा प्रयत्न करतो, भिंतीचं भगदाड बुजवत नाही. राऊटर बाहेरून येणारं अडवतो हे खरं, पण ऑफिसातल्या दुसऱ्या लॅपटॉपला लागण झाली तर ती आतल्या आत एक्सपीपर्यंत पोचते.

इथे दुभाष्या माणूसच असू द्या. डिझाइन नव्या संगणकावर उतरवा, तिथेच तपासा, सॉफ्टवेअरला लागतील तेवढे रंग ठेवून बीएमपी प्रकारची चित्राची फाइल करा आणि एका ठरावीक पेन ड्राइव्हवर न्या. ड्राइव्ह एफएटी ३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा, आणि तो घरी किंवा झेरॉक्सच्या दुकानात जाता कामा नये. एक्सपीवर ऑटोरन, म्हणजे ड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्रॅम आपोआप सुरू होण्याची सोय, बंद करा. २००८ मध्ये आलेला कॉनफिकर हा व्हायरस याच वाटेने पेन ड्राइव्हमधून पसरत होता.

तुमचा खरा धोका मात्र व्हायरसचा नाही, ती हार्ड डिस्क आहे. वीस वर्षं फिरलेली डिस्क एका सकाळी नुसती टक्‌टक् करते आणि मग त्या मागांवरचं काम थांबतं. ती बाहेर काढा, यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला लावा आणि क्लोनझिला या प्रोग्रॅमने तिची हुबेहूब प्रत काढा. त्या प्रतीवरून मशीन खरोखर सुरू होतंय याची खात्री करा, मग ती कपाटात ठेवा. प्रिंटर पोर्टचं लॉकही जपा. यूएसबीच्या कन्व्हर्टरवर अशी लॉकं बहुधा चालत नाहीत, म्हणून तसा पोर्ट असलेलं एक जुनं मशीन सुट्या भागांसाठी घेऊन ठेवा.

आणि धूळ. अशाच एका कारखान्यातल्या मशीनचा पॉवर सप्लाय मी उघडला होता. पंख्यामागे कापसाच्या तंतूंचा बोटभर जाड थर दाबून बसला होता, गादीत बसतो तसा. वर मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन. दर महिन्याला मशीन बंद करून बाहेरून ब्लोअर मारा. पॉवर सप्लाय स्वतः उघडू नका, बंद असतानाही आत शॉक देण्याइतका करंट साठलेला असतो. पुठ्ठ्याच्या कार्डांवरच्या भोकांनी नक्षी ठरवणारा जॅकार्डचा माग १८०४ चा, आणि संगणकाची पंचकार्डं त्याच्यावरूनच आली. तुमच्या कारखान्यात ते दोघं शेजारी शेजारी काम करताहेत. ती जोडी चालू राहावी असं मला फार वाटतं.

प्रश्न : मी बारावीत आहे. मॉडेमचा तो आवाज फक्त व्हिडिओत ऐकलाय. बाबांचा ५६ के मॉडेम घरात आहे. खरं डायल-अप करता येईल का? (साखर पेठ)

येईल, आणि घरातल्या घरात. आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, ते याच आवाजातून. घरचा फोन आता फायबरवरून येत असेल तर त्यावर मॉडेमचा भरवसा नाही. त्याऐवजी ऑफिसात इंटरकॉमला वापरतात तसा छोटा ईपीएबीएक्स मिळव. एका एक्स्टेन्शनला बाबांचा मॉडेम, दुसऱ्याला आणखी एक जुना मॉडेम, आणि तो लिनक्सच्या मशीनला. लिनक्सवर एमगेटी हा प्रोग्रॅम फोन उचलेल, पीपीपीडी हा दुसरा प्रोग्रॅम जोडणी देईल. मग विंडोज ९८ च्या डायल-अप नेटवर्किंगमध्ये एक्स्टेन्शनचा नंबर टाक आणि डायल कर. वेग ३३.६ के च्या वर जाणार नाही. ५६ के साठी समोरची बाजू डिजिटल लागते आणि तुझ्याकडे दोन्ही बाजूंना साधे मॉडेम आहेत. आवाज मात्र अगदी तोच येईल.