कोणी बघितलं, गुरुजी?

लेकरा,

तुझं पत्र मिळालं. उफणणीचा दाखला देऊन तू पाचवीला सूर्यमाला शिकवलीस. जड दाणे जवळ पडले, ते बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ. हलकं भूस लांब गेलं, ते गुरू-शनी. दाखला आपल्या खळ्यावरचा, पोरं खूश. मग एकानं विचारलं, "वारं कुठून आलं, सर?" आणि तू अडखळलास. आता लिहितोस, एवढ्याशा पोरांना इतकं खोल कशाला न्यायचं.

हे मला पुन्हा लिहू नकोस. पोरगं बरोबर होतं. तिथं वाऱ्यानं निवडलं नाही, उष्णतेनं निवडलं. चुलीपाशी तूप पातळ राहतं, गारठ्यात थिजतं, तसं. सूर्याजवळ बर्फ टिकेना. उरले दगड आणि लोखंड. लांब बर्फही गोळा झालं, गोळे मोठे झाले आणि गुरू-शनीनं भोवतालचा वायू ओढून घेतला.

कसं कळलं, ते सांग. नुसतं काय झालं ते सांगू नकोस.

मी सांगत नव्हतो. बीडकडच्या एका वस्तीवर होतो तेव्हा एका मुलीनं विचारलं, "कोणी बघितलं, गुरुजी?" मी म्हणालो, पुस्तकात लिहिलंय, खाली बस. दसऱ्यानंतर ती आईबापासोबत ऊसतोडीला गेली, ती शाळेत परत आलीच नाही. पुढं मी प्रत्येक धड्याला 'कसं कळलं' जोडत गेलो. अभ्यासक्रम मागं पडला, वरिष्ठांची बोलणी खाल्ली. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. मी बरोबरच केलं.

पोरांना विचार, गुरू कधी ध्रुवताऱ्यापाशी दिसलाय का? नाही दिसणार. सूर्याच्या वाटेच्या आसपासच ग्रह सापडतात, कारण सगळे जवळजवळ एकाच पातळीत, एकाच दिशेनं सूर्याभोवती फिरतात. म्हणजे मूळचा वायू-धुळीचा ढग फिरता फिरता चपटा झाला. दोरीला खडा बांधून गरगर फिरव, दोरी आखडत आण, फेऱ्या वाढतात. ढग आकसला तसा तोही जोरात फिरू लागला. ९९ टक्क्यांहून जास्त ऐवज मधे गेला, तो सूर्य. उरल्यासुरल्यातून आपण.

वयही असंच कळलं. वेरूळच्या कातळाला विचारून उपयोग नाही, तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांचा. उल्कापाषाण मात्र पृथ्वीबरोबरच घडलेले, त्यांच्यातलं युरेनियम ठरल्या गतीनं शिसं होत जातं. त्या हिशेबानं १९५६ साली अमेरिकी शास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं काढलं.

आणि कोणी बघितलं? स्वतःचा जन्म कोणाला आठवतो? पण गल्लीत बाळंतपणं होतातच. चिलीतल्या अल्मा दुर्बिणींनी २०१४ साली वृषभेतल्या एका कोवळ्या ताऱ्याभोवती धुळीची चकती टिपली, तिच्यात कड्या-कड्यांमधे मोकळ्या जागा, बहुधा तिथं ग्रह घडताहेत. ४५० प्रकाशवर्षं लांब. ते चित्र वर्गात लाव.

आभाळ निवळलं की पोरांना पटांगणात बोलाव. वाऱ्याचं विचारणारं पोरगं पुढं बसव आणि 'माझं चुकलं होतं' असं आधी त्याला सांग. मला त्या मुलीला ते सांगता आलं नाही.

तुझा,
गुरुजी