आधी पानं मोज, मग मांडव घाल

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांची, नागपुरात मानेवाड्याला राहते, खाजगी नोकरी करते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात संध्याकाळच्या मुहूर्तावर माझं लग्न आहे. मुलगा काटोलचा. लग्न आमच्याकडून, रिसेप्शन तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडून काटोलला. माझे ३ लाख आणि बाबांचे अडीच, असे साडेपाच लाख होते. त्यातले ८० हजार साक्षगंधातच गेले. लॉन ९० हजार सांगतात, केटरर ३२० रुपये पान. अ‍ॅडव्हान्स अजून कुठेच दिलेला नाही. आईची यादी ३५० वरून ६२० वर गेली, त्यांच्याकडची १५० माणसं आता २४० झालीत. रिटायर झालेले बाबा पतसंस्थेतून ३ लाख उचलतो म्हणतात. मुलगा चांगला आहे, पण "घरच्यांना मी काय सांगू" म्हणतो. मी वही घेऊन बसले की आई म्हणते, "मुनीम झालीस तू." इतवारीत खरेदीला गेले की मस्त वाटतं, घरी आले की रडू येतं. मी कंजूष आहे का?

उत्तर : कंजूष नाहीस गं. अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी पत्र लिहिलंस, निम्मं काम तिथेच झालं.

तुझ्या वहीत फुलं, मेंदी, पत्रिका, फोटो असे पंचवीस रकाने असतील आणि तू एकेकातून हजार-दोन हजार काढत बसली असशील. ते राहू दे. तुझ्या लग्नाचा खर्च एकाच आकड्यावर उभा आहे : पानं किती. ६२० आणि २४० मिळून ८६० होतात. ३२० रुपयांनी त्याचे २ लाख ७५ हजार. पहिल्या याद्या धरल्या तर ५०० माणसं, १ लाख ६० हजार. फरक १ लाख १५ हजारांचा, आणि तो फक्त जेवणाचा. ८६० माणसांना लॉन मोठं लागतं, खुर्च्या, पाण्याचे जार, कुलर, वाढपी सगळंच वाढतं. मेंदीवालीशी घासाघीस करून हा खड्डा भरत नाही. म्हणून यादी पक्की होईपर्यंत लॉनला पैसे देऊ नकोस. उलट क्रमाने गेलं की "लॉन हजार माणसांचं आहे, मग बोलवायला काय हरकत" हे वाक्य घरात येतंच.

कर्जाचं आधी बोलते. ३ लाख, १२ टक्के, ३ वर्षं धरली तर महिन्याला जवळपास १० हजारांचा हप्ता बसतो आणि व्याजच ५८-५९ हजार जातं. पेन्शनीतून हे कशासाठी? ज्यांची नावं आईला आज दोनदा आठवून लिहावी लागतात, त्यांच्या जेवणासाठी. बाबांना हा आकडा कागदावर लिहून दाखव. वाद नको घालूस, नुसता कागद ठेव.

आता आई. ती यादी हौसेने वाढवत नाहीये. वीस-पंचवीस वर्षं ती ज्यांच्या मांडवात जेवून आली, त्यांचं देणं तिच्या डोक्यावर आहे. तिच्याकडे आहेराची जुनी वही असेलच. दोघी मिळून ती काढा आणि मागच्या पाच वर्षांत ज्यांनी आपल्याला बोलावलं, त्यांच्या नावापुढे खूण करा. खूण नसलेली नावं गळतात, आणि ती तू नाही, तिच्याच वहीने गाळलेली असतात. शिवाय ३५० पैकी ५० पानं एकट्या आईची. तिथे कुणाला बोलावलं हे तू विचारायचंही नाही.

पत्रिकेवर सरसकट "सहकुटुंब सहपरिवार" छापू नका. घरच्यांना तसं आमंत्रण असू दे, पण ऑफिस आणि ओळखीपाळखीच्या लोकांना व्हॉट्सअ‍ॅपवर नावानिशी बोलवा. कॉलनीतल्या लोकांना हळदीला बोलव. सकाळची हळद, लेआउटचं समाजभवन आणि तर्री-पोहे. नागपुरात याला कोण नाव ठेवेल? दीडशे माणसांना जाडे पोहे १० किलो, तर्रीसाठी हरभरे ३ किलो, कांदे ५ किलो, वर सांबार (कोथिंबीर), लिंबू, शेव. यासाठी केटरर नको, किराणा आपला आणि आचाऱ्याला मजुरी. फसतं ते पोह्यांपाशी : दहा किलो एकदम भिजवले की वरच्यांच्या भाराने खालच्यांचा लगदा होतो. दोन-दोन किलोचे घाणे करायला सांग, आणि पुढचा घाणा आधीचा संपत आल्यावरच भिजवायचा. हरभरे आदल्या रात्री झोपताना भिजवा, दुपारी नको. एप्रिलच्या उकाड्यात पाणी आंबतं.

लग्नाचं जेवण मात्र केटररकडेच दे. किराणा आपला ठेवून पाचशे माणसांचा स्वयंपाक करायचा तर कोठीची किल्ली सांभाळणारा एक खमका काका दिवसभर लागतो. तो नसेल तर वाचवलेले पैसे तेल-तुपाच्या डब्यांबरोबर मागच्या दाराने जातात.

केटररशी लेखी ठरव. ५०० आमंत्रणं असली तरी गॅरंटी ४२५ पानांचीच दे. दाट मुहूर्ताच्या दिवशी एकेका घराला दोन-तीन लग्नं असतात आणि माणसं वाटून जातात. वर १० टक्के स्वयंपाक जास्तीचा असेल, लागला तर त्याच भावाने, हेही कागदावर येऊ दे. भांडण होतं ते ताटांच्या मोजणीवर. जेवण सुरू व्हायच्या आधी ताटांच्या थप्प्या दोघांनी मिळून मोजायच्या, शेवटी उरलेली मोजायची. मध्ये नवी थप्पी आली तर तुमच्या माणसाला दाखवूनच. पाच वर्षांखालच्या मुलांचं पान धरायचं नाही. बँडवाले, ड्रायव्हर, फोटोवाले यांची पंचवीस-तीस पानं सगळे विसरतात. ती आधीच धर. जीएसटी ३२० मध्ये आहे की वर, तेही आत्ताच विचार.

मेनूत पनीरच्या दोन भाज्या असतील, तर एक काढून वडाभात घे. वडे दोन तास आधी तळून ठेवता येतात, भात तेवढा गरम हवा आणि वर हिंग-मोहरी-लाल मिरचीची फोडणी. माणूस पोटभर जेवतो आणि आठवण ठेवतो. गोडात श्रीखंड-बासुंदी नको, त्या उन्हाळ्यात दोन तास बाहेर राहिली की धोका. जिलबी आणि मठ्ठा बरा. शंभर माणसांना ५-६ किलो दह्याचा २० लिटर मठ्ठा होतो. बर्फ भांड्याभोवती रचायचा, मठ्ठ्यात टाकायचा नाही. लादीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. पाण्याचे २० लिटरचे ४० जार सांग आणि न उघडलेले परत घेण्याची अट घाल.

लॉनवाल्याला तीन गोष्टी विचार. अवकाळी वारा-पाऊस आला तर आत किती माणसं मावतात? एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे संध्याकाळीच वावटळ उठते आणि मांडवाचं कापड आधी उडतं. वीज भाड्यात की युनिटप्रमाणे? युनिटप्रमाणे असेल तर चावी घेताना आणि देताना मीटरचा फोटो काढायचा. जनरेटरचं डिझेल कुणाचं? आणि बिछायत बाहेरची चालते का, हेही बघ. काही लॉनवाले आपल्याच माणसाची घ्यायला लावतात आणि ९० हजारांतली स्वस्ताई तिथे वसूल होते.

आता मुलाकडे येऊ. "मी काय सांगू" हे चालणार नाही, कारण त्याच्या घरच्यांशी तू बोललीस तर तो मानपानाचा विषय होतो आणि तो बोलला तर नुसता हिशेब राहतो. त्याने एवढंच म्हणायचं : "आपली वाढलेली ९० माणसं काटोलचीच आहेत, ती रिसेप्शनला येतीलच, त्यांना बस करून नागपूरला कशाला न्यायचं?" यात त्यांचंही बसभाडं वाचतं. मानपानाच्या साड्या दोन्हीकडून अकरा-अकराच, हेही त्याच बैठकीत. त्या गांधीबागेतून एकत्र घ्या, भाव बरा पडतो.

वरातीची वेळही त्याच्याच गळ्यात घाल. मुहूर्त पावणेसातचा आणि नवरदेव साडेआठला मांडवात, हे आपल्या गावाला नवीन नाही. पण त्या पावणेदोन तासांत भाज्या दोनदा गरम होतात, जनरेटर चालू राहतो, पाहुणे अक्षता टाकायच्या आधी जेवून निघतात आणि शेवटी लॉनवाला जादा तासाचे पैसे मागतो. रात्री १० नंतर लाउडस्पीकरला परवानगी नाही, म्हणजे उशीर करून नाचायलाही मिळत नाही. वरात लॉनपासून तीनशे मीटरवरून निघू दे, आणि पाचलाच. नाचायचं तेवढं नाचा म्हणावं, अंतर कमी ठेवा.

हे सगळं जमलं तर हिशेब असा बसतो : उरलेल्या ४ लाख ७० हजारांतून लॉन ९०, जेवण १ लाख ३६, हळद साधारण २० हजार. हाताशी २ लाख २४ हजार राहतात. त्यातले ४५ हजार वेगळे काढून बाबांकडे ठेव, शेवटच्या आठवड्याला ते लागतातच. बाकी पावणेदोन लाखांत कपडे, दागिना, फोटो, बिछायत, भटजी बसवता येतात. दागिना घेताना हॉलमार्कचा सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी कोड (त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) दागिन्यावर कोरलेला आहे ना बघ, आणि घडणावळ दोन-तीन दुकानांत विचार; सोन्याचा भाव सगळीकडे जवळपास सारखाच, फरक तिथे पडतो. भाड्याच्या लेहंग्यापेक्षा टसरची करवतकाठी साडी बघ. ती आपल्या भागात विणतात, आणि दुसऱ्या दिवशी परत द्यावी लागत नाही.

इतवारीत जायला तुला आवडतं ना, मग खरेदी तू आणि मैत्रिणींनीच करा. रुखवत आई-मावश्यांना घरी करू दे. आई त्यात गुंतली की यादीत नवी नावं कमी येतील, हा माझा अंदाज.

लग्नाच्या दिवशी दोन कामं मात्र वाटून दे. विवाह नोंदणीच्या अर्जावर भटजींची सही त्याच दिवशी घ्यायची, नंतर त्यांना गाठणं कठीण. तीन साक्षीदारही त्याच मांडवात असतात. नोंदणी ९० दिवसांच्या आत महापालिकेच्या झोन ऑफिसात करून टाका. दुसरं, आहेराची पाकिटं. चेनची एक पिशवी, ती सांभाळायला एकच भाऊ, आणि शेजारी पेन घेऊन बसलेली एक बहीण. पाकिटावर नाव नसेल तर देणाऱ्यासमोरच लिहायचं, कारण पुढची वीस वर्षं आईच्या वहीला ती नावं लागणार आहेत. त्या दिवशी मुनीमगिरी त्या बहिणीची, तुझी नाही.