वाचक विचारतात: महागड्या पोस्टपेडमधून सुटायचं कसं?

मागच्या अंकात मोबाईल बिलावर दोन ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. बहुतेकांचं दुखणं एकच आहे, म्हणून एक मोठं पत्र नीट घेते आणि बाकीची पटापट.

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. घरातले चार नंबर एकाच फॅमिली पोस्टपेडवर आहेत, सगळे ह्यांच्या नावावर. गेल्या दिवाळीत जेल रोडच्या एका दुकानातून घेतला, ओटीटी फ्री, डेटा भरपूर, तेव्हा छानच वाटलं. आता शेजारी तेवढंच सगळं कितीतरी कमी पैशात वापरतात आणि आमचं बिल तर सांगितलं होतं त्याहूनही जास्त येतं. सोडायचं म्हटलं तर दुकानदार म्हणतो वर्षाचं लॉक-इन आहे, पेनल्टी भरा आणि नंबरही जाईल. नंबर गेला तर कसं चालेल, बँक, आधार, गॅस सगळं त्याच्यावरच आहे.

उत्तर: आधी नंबरचं बोलू, कारण तुमची खरी भीती तीच आहे. कनेक्शन बंद करणं आणि नंबर पोर्ट करणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि काउंटरवरची मंडळी त्या सोयीनं एकत्र करतात. "बंद करायचंय" असा अर्ज दिलात तर नंबर जाईल, ते खरं आहे. पण पोर्ट केलात तर नंबर तुमच्याबरोबर नव्या कंपनीत येतो आणि जुनं कनेक्शन आपोआप बंद होतं, त्यासाठी वेगळा अर्ज द्यायचाच नाही. म्हणून शोरूममध्ये जाऊन "बंद करा" हा शब्द तोंडातूनसुद्धा काढू नका.

आता लॉक-इन. आपल्याकडे ट्रायच्या, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमात पोर्टिंग नाकारायची कारणं मोजकी आणि ठरलेली आहेत, दुकानदाराच्या मनातली चालत नाहीत. सध्याच्या कंपनीत नंबरला ९० दिवस व्हायला हवेत, तुमचे दिवाळीपासून कधीच झाले. निघालेलं बिल मुदत टळून थकलेलं नसावं. नंबर दुसऱ्याच्या नावावर करायचा अर्ज अर्धवट पडलेला नसावा, कोर्टात वाद नसावा. आणि हो, कराराचं कारणसुद्धा त्यात आहे, म्हणजे तुम्ही सही केलेल्या करारात मध्येच सोडायची काही अट लिहिलेली असेल आणि ती पाळली नसेल तर अडवता येतं. म्हणून दुकानदाराला एकच सांगा, लॉक-इन कुठे लिहिलंय ते दाखवा, आमच्या सहीच्या फॉर्मवर किंवा कंपनीच्या मेलमध्ये. तोंडी लॉक-इनला काही अर्थ नसतो, कमिशन वाचवायला बरेच लोक बरंच काही बोलतात. लिहिलेलं निघालंच तर तिथे किती पैसे भरून सुटता येतं तेही लिहिलेलं असायला हवं, ती रक्कम आणि उरलेल्या महिन्यांत वाचणारे पैसे ह्यांचा हिशोब मांडा आणि फायदा असेल तर भरून मोकळे व्हा.

तरी वाद घालत बसायची गरजच नाही, कारण परीक्षा एका एसएमएसमध्ये होते. ज्या नंबरला पोर्ट करायचं त्याच फोनवरून, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत पोर्ट लिहायचं, एक जागा सोडून दहा आकडी नंबर, आणि १९०० वर पाठवायचं. १६ डिसेंबर २०१९ पासून पद्धत अशी बदलली की थकबाकी, ९० दिवस, करार वगैरे सगळं आधी तपासलं जातं आणि मगच आठ अक्षरांचा यूपीसी, म्हणजे पोर्टिंगचा, कोड येतो. म्हणजे कोड आला की समजायचं, अडवण्यासारखं काही निघालं नाही, दुकानदार काही का म्हणेना. नाही आला तर उत्तरात कारण येतं आणि मग निदान कशाशी भांडायचं ते तरी कळतं. हा कोड नव्या कंपनीला द्यायचा असतो आणि तो चारच दिवस चालतो हे लक्षात ठेवा, उगीच गंमत म्हणून मागवून ठेवू नका. नवीन कंपनी कुठली, प्लॅन कुठला, हे आधी पक्कं करा, घरात त्या कंपनीचं नेटवर्क येतं का ते कुणाचं तरी सिम घालून आतल्या खोलीत आणि जिन्याखाली बघा, मग एसएमएस.

एसएमएस गेल्यावर एक-दोन दिवसांत तुमच्याच कंपनीचा फार गोड फोन येण्याची शक्यता आहे. मॅडम का जाताय, आम्ही अमुक इतकी सूट देतो. खरंच चांगली ऑफर असेल तर घ्यायला हरकत नाही, माझं त्यात काही वावगं म्हणणं नाही, फक्त किती महिन्यांसाठी ते मेसेजवर लिहून मागा. आणि पोर्ट न करता त्याच कंपनीत खालच्या प्लॅनवर यायचं असेल तर तोही मार्ग उघडा आहे. प्लॅन घेतल्यापासून सहा महिने कंपनीला तो तुमच्यासाठी महाग करता येत नाही, पण तुम्हाला मात्र त्या सहा महिन्यांतही दुसरा प्लॅन निवडता येतो. हे उलटं सांगणारे पुष्कळ भेटतात.

बिल सांगितल्यापेक्षा जास्त का, तेही बघून टाकू. पोस्टपेडच्या पाटीवर जो आकडा असतो त्यात टॅक्स नसतो. ५९९ चा प्लॅन म्हटला की वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०६ रुपये ८२ पैसे. प्रीपेडच्या रिचार्जची किंमत मात्र टॅक्स धरून असते. म्हणून ५९९ आणि ५९९ समोरासमोर ठेवून तुलना करू नका, फसाल. उलट प्रीपेडवाले २८ दिवसांचा महिना करतात, त्यानं वर्षाचे बारा नाही तर तेरा रिचार्ज होतात, ते इकडे मोजा. (ट्रायनं २०२२ मध्ये सगळ्या कंपन्यांना ३० दिवसांचा निदान एक प्लॅन आणि दर महिन्याला त्याच तारखेला होणारा निदान एक प्लॅन ठेवायला लावलं, पण तो यादीत कुठेतरी खाली दडलेला असतो, शोधावा लागतो.) वर्षाचा खर्च काढा, महिन्याचा नको.

चार नंबर आहेत म्हणून आणखी दोन गोष्टी. चारही एका दिवशी हलवू नका. आधी बँकेशी न जोडलेला एखादा नंबर पाठवा, आठवडाभर नेटवर्क बघा, मग बाकीचे, आणि यजमानांचा बँकवाला सगळ्यात शेवटी. मुख्य नंबर आधी गेला तर त्याला जोडलेल्या (ॲड-ऑन) नंबरांना कुठला प्लॅन लागतो ते कंपनीला आधी विचारलेलं बरं. दुसरं बिलाचं. पोर्टिंगचा मुहूर्त बिल आल्यावर, ते भरून झाल्यावर लगेच धरावा. तरी पोर्ट झाल्यावर मधल्या दिवसांचं एक शेवटचं बिल येतंच आणि लोक ते "आता काय करतात" म्हणून सोडून देतात. करतात. जुनी कंपनी थकबाकी कळवते आणि नव्या कंपनीतला तुमचा नंबर बंद पडू शकतो. त्यामुळे ते भरा, पावती ठेवा आणि मग ऑटो-पे काढा. डिपॉझिट भरलेलं असेल तर तेही परत मागा. ओटीटी जाईल, त्याचं दुःख करू नका, घरात किती जण खरंच बघत होते ते विचारून पाहा.

पोर्ट व्हायला एकाच सर्कलमध्ये (मोबाईल कंपन्यांचा विभाग, बहुधा एक राज्य) तीन कामाचे दिवस लागतात. सिम बदलायच्या वेळी थोडा वेळ, बहुधा रात्री, फोन बंद राहतो. त्या दिवशी कुणाला पैसे पाठवायचे असतील तर आधी पाठवा, कारण नवीन सिम घातलं की यूपीआय ॲपला परत रजिस्टर व्हावं लागतं. मन बदललं तर नव्या कंपनीकडे अर्ज दिल्यापासून २४ तासांच्या आत १९०० वरच इंग्रजीत कॅन्सल लिहून, पुढे नंबर टाकून पाठवायचं. नव्या कंपनीला पोर्टिंगचे जास्तीत जास्त ६ रुपये ४६ पैसे घेता येतात, बहुतेक जण तेही घेत नाहीत. कुणी तीनशे-चारशे "पोर्टिंग चार्ज" मागितला तर दुकान बदला.

प्रश्न: बाबा मार्चमध्ये गेले. त्यांच्या नावावरचा नंबर आई वापरते, प्लॅन महाग आहे, पोर्ट करायला गेलो तर नकार आला. (सुदामानगर)

उत्तर: पोर्टिंगमध्ये नाव बदलत नाही. नव्या कंपनीत केवायसी त्याच माणसाची लागते ज्याच्या नावावर नंबर आहे, आणि ते आता शक्य नाही. आधी सध्याच्याच कंपनीत मृत्यूचा दाखला आणि आईंचे कागद देऊन नंबर त्यांच्या नावावर करून घ्या. तो अर्ज चालू असेपर्यंत पोर्ट होणार नाही, पूर्ण झाल्याचा मेसेज आला की मग १९०० ला एसएमएस. तोवर पैसे वाचवायचे तर सगळ्यात स्वस्त प्लॅनवर या. आई फक्त बोलायलाच फोन वापरत असतील तर नंबर प्रीपेड करून डेटा नसलेलं व्हाउचर घ्या, ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये नुसत्या व्हॉइस-एसएमएसची व्हाउचरं ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलंय. दुकानदार आपणहून दाखवत नाहीत, मागावं लागतं.

प्रश्न: मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेलाय, नंबर आपल्या एमपीचा. तिकडचा करायलाच हवा का?

उत्तर: बिल्कुल नको. आताच्या अनलिमिटेड पॅकमध्ये देशातलं रोमिंग धरलेलंच असतं. प्लॅन महाग असेल तर कंपनी बदला, पुण्यात बसूनही होतं, ३ जुलै २०१५ पासून नंबर देशभर कुठेही नेता येतो. दुसऱ्या सर्कलमध्ये नेताना तीनच्या जागी पाच कामाचे दिवस लागतात, एवढाच फरक.

प्रश्न: रिटायर होतोय. बारा वर्षं वापरलेला नंबर ऑफिसच्या नावावर आहे, पुढे तो प्लॅन मला खिशातून परवडणार नाही.

उत्तर: काका, निरोप समारंभाच्या आधी हे काम करा. मालक ऑफिस आहे, त्यामुळे सही करायचा अधिकार असलेल्या माणसाचं पत्र लागतं आणि एकदा तुम्ही बाहेर पडलात की ते पत्र मिळवायला चकरा माराव्या लागतात. एचआरला आजच मेल टाका, नंबर माझ्या वैयक्तिक नावावर द्या म्हणून.

प्रश्न: फोन सराफ्यात गर्दीत हरवला, नवीन सिम घेतलं आणि लगेच पोर्ट करायला गेलो तर कोड येतच नाही. कंपनी मुद्दाम करतेय का?

उत्तर: ह्यावेळी नाही हो. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस यूपीसी मिळत नाही, चोरानं तुमच्या नावानं डुप्लिकेट सिम काढून नंबर पळवू नये म्हणून. आठव्या दिवशी परत एसएमएस करा.

प्रश्न: सगळं भरलंय, पावती आहे, तरी "थकबाकी" म्हणून तीनदा नाकारलं. आता कुठे जायचं?

उत्तर: १९८ वर तक्रार करा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपीलेट अथॉरिटीकडे (अपील ऐकणारा अधिकारी) ३० दिवसांत अपील, फुकट असतं. सोबत ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पूर्वी टेलिफोनच्या तक्रारी तिथे चालतात की नाही ह्यावर कंपन्या वाद घालायच्या, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं चालतात म्हणून सांगून टाकलं. पावतीचा फोटो आणि नकाराचे तिन्ही एसएमएस डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून स्वतःलाच मेल करून ठेवा.